पितळी बूच

सिग्नल लागला म्हणून बस थांबली, आणि खिडकीबाहेर, हात लांबवला तर टेकेल इतक्या जवळ, एक बोट उभी होती. भर रस्त्यात, जीपच्या मागे, दोन चाकांच्या ट्रेलरवर चढवलेली. दिवसभर बंद खोलीत बसून तिचे डोळे थकलेले होते, त्यामुळे आधी नुसता लाल रंग आत शिरला. मग त्या लालवरचा पांढरा पट्टा, नाकाकडे पात्यासारखी निमुळती होत गेलेली कड, पुढची बुटकी तिरपी काच. ओळख पटली तशी तिची बोटं पर्सच्या पट्ट्याभोवती आवळली गेली. ही त्यांच्या घरची बोट, चपला, नव्हती; चपलेची बहीण होती. एकाच साच्यातून निघालेली. तो साचा कधीच मोडीत गेला, कारखानाही बंद पडला, आणि म्हणूनच आता बसमधले लोक उठून खिडक्यांशी आले होते आणि फोन वर धरून तिचे फोटो काढत होते. पुढच्या सीटवरचा गृहस्थ बायकोला सांगत होता की ही जुनी जात, असा वेग आता कुणी बांधत नाही. बायको म्हणाली, बांधला तरी पळवायचा कुठे, या गर्दीत? सिग्नल सुटला. ट्रेलर हलला, बसच्या पुढे गेला आणि बोटीची पाठ तिच्यासमोर आली. अगदी तळाशी, इंजिनाच्या खाली जे भोक असतं, त्यातून करंगळीएवढी पाण्याची धार रस्त्यावर पडत होती. जीपनं वेग घेतला तशी धार तिरपी झाली, आणि डांबरावर एक ओली रेघ मागे उरत गेली.

"बूच विसरला," ती म्हणाली. शेजारच्या बाईंनी वळून पाहिलं, म्हणजे ते मोठ्यानं म्हटलं गेलं होतं.

विसरला नव्हता. हे लक्षात यायला तिला घराजवळचा थांबा यावा लागला. बोट जमिनीवर असताना ते भोक उघडंच ठेवायचं असतं. आत साचलेलं पाणी बाहेर पडावं म्हणून तर ते ठेवलेलं असतं. पाण्यात उतरवताना बूच लावायचं, वर काढली की बूच काढायचं. इतकं सरळ, कुणाही शाळकरी मुलाला पटेल असं. घासलेली भांडी आपण पालथी घालतो, ओली छत्री उघडून ठेवतो. ती फुटपाथवर उभीच राहिली, लोक तिला वळसा घालून जात राहिले. कारण चपलेचं बूच ती चौथीत असल्यापासून कुणी काढलेलंच नव्हतं.

चपला हे नाव बाबांनी ठेवलं. विजेला चपला म्हणतात, हे त्यांनी घरात सगळ्यांना समजावून सांगितलं होतं, आणि आई शांतपणे म्हणाली होती, चपला दाराबाहेरच बऱ्या. बाबांचा छापखाना होता. त्यात दोन यंत्रं. एका वर्षी कामं इतकी आली की तिसरं यंत्र घ्यायचं ठरलं, त्यासाठी कोपऱ्यातली जागाही रिकामी केली, आणि बाबा यंत्र बघायला म्हणून गेले ते बोट घेऊन आले. पुढे कित्येक वर्षं तो कोपरा रिकामाच राहिला. आई त्या कोपऱ्यात केर काढताना म्हणायची, "जरा बाजूला व्हा, बोट जाऊ दे." पण पहिल्या दिवशी आईसुद्धा हसली होती. तिला ते हसू नीट आठवतं, आवाजासकट: मागच्या सीटवर, इंजिनाला लागून, आई एका हातानं केस आणि दुसऱ्या हातानं पदर धरून बसलेली, बाबांनी वेगाचा दांडा पुढे ढकललेला, बोटीचं नाक वर उचललेलं, आणि मग एकदम, जणू पाण्यानं हात सोडून द्यावेत तशी, बोट सपाट होऊन पाण्यावरून नुसती घसरत निघालेली. त्या क्षणी इंजिनाचा आवाज बदलतो. घोगरा असतो तो उंच, स्वच्छ होतो. बाबा त्याला 'गळा सुटला' म्हणायचे. तलावाच्या काठावर कपडे धुणाऱ्या बाया, मासे धरणारे म्हातारे, सगळे मान वळवून बघत राहायचे, आणि बाबा मात्र त्यांच्याकडे मुद्दाम न बघता समोर बघत राहायचे. त्या न बघण्यात केवढा आनंद असतो हे तिला फार उशिरा कळलं.

बूच विसरलं ते पुढच्या उन्हाळ्यात. विसरले बाबाच. गंमत अशी की पळत्या बोटीत हे कळत नाही. वेगात असताना आतलं पाणी त्याच भोकातून मागे ओढलं जातं. म्हणून सगळी सकाळ काही झालं नाही. मग तलावाच्या मध्यावर थांबून डबा उघडला, इंजिन बंद झालं, सगळीकडे शांत झालं, आणि आई म्हणाली, माझे पाय भिजतायत. बाबा म्हणाले, तुषार उडाले असतील. थोड्या वेळानं आई पुन्हा तेच म्हणाली, त्याच स्वरात, आणि डब्याचं झाकण तिच्या पायाशी तरंगत वळलं. त्यानंतरचं तिला तुकड्या-तुकड्यांत आठवतं: बाबा पोटावर झोपून मागच्या बाजूला हात घालतायत, दादा रिकाम्या डब्यानं पाणी उपसतोय, इंजिन एकदा, दोनदा खोकतं आणि लागत नाही. मग लागलं. बाबांनी बोट सरळ काठाच्या चिखलात घातली. आईच्या पायातली एक चप्पल बोटीत तरंगत होती. ती उचलून आई चिखलातून चालत रस्त्यावर गेली आणि पुन्हा कधीही, अगदी काठाला बांधलेली असतानाही, तिनं चपलेवर पाऊल ठेवलं नाही. भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं बाबा एकदा म्हणाले होते.

त्या दिवसापासून नियम झाला. बाबांनी जाडजूड पितळी बूच आणलं, पान्यानं आवळलं, त्यावर लाल रंगाचा ठिपका दिला, आणि सांगितलं की आता हे निघणार नाही. कधीच. निघालंच नाही तर विसरायचा प्रश्न येत नाही. शिवाय बोटीजवळ गेलं की आधी मागे जाऊन बुचाला बोट लावायचं. बाबा पुढून विचारायचे, "बूच?" आणि ती किंवा दादा म्हणायचे, "आहे." पाण्यात जाताना म्हणायचे, पाण्यातून वर काढल्यावर म्हणायचे. पुढे चपला तलावाकाठच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली पडून राहू लागली तरी कुणीही शेडमध्ये शिरलं की आधी तेच. वहिनी लग्न होऊन आली तेव्हा तिलाही शिकवलं. ती लाजत लाजत "आहे" म्हणाली आणि सगळे हसले. देवाला हात जोडावेत तशी ती सवय हाताला लागली होती, आणि हाताला लागलेली गोष्ट डोक्यापर्यंत जात नाही. बाबा तर दर आठवड्याला शेडमध्ये जाऊन नळी लावून बोट आतून-बाहेरून धुवायचे. पाणी पायाखालच्या फळ्यांच्या फटींतून खाली जायचं. खाली कुठे? हा प्रश्न इतक्या वर्षांत एकदाही तिच्या मनात आला नव्हता, आणि आता फुटपाथवर उभं राहून दुसरा कुठलाच येत नव्हता. बोटीची मागची फळी, जिच्यावर इंजिनाचा सगळा भार असतो, ती वरून फायबरची दिसते. पण फायबर म्हणजे नुसती साल, आत लाकूड असतं. लाकूड, आणि त्याच्या पायथ्याशी वर्षानुवर्षं बंद असलेलं पाणी.

मधल्या काळात चपलेची काय काय अवस्था झाली. पेट्रोल महागलं तेव्हा ती पांढरा हत्ती झाली. छापखाना बंद पडला तेव्हा ती बाबांची हौस झाली, आणि तो शब्द नातेवाईक जिभेच्या टोकावर धरून उच्चारायचे. आई गेली तेव्हा बाबा शहरातलं घर सोडून शेडच्या मागच्या खोलीत राहायला गेले, आणि ती बाबांचं वेड झाली. दादानं फुकट द्यायची ठरवली तेव्हा घेणारा मिळाला नाही. भंगारवाला येऊन, बोटीभोवती फिरून, न्यायला उलट काय द्याल असं विचारून गेला. बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. आणि मग, का आणि कसं ते कुणालाच कळलं नाही, वारं फिरलं. ज्यांनी लहानपणी काठावरून अशा बोटी पाहिल्या होत्या ती मुलं मोठी झाली असतील, त्यांच्या हातात पैसा आला असेल. दादा फोनवर तिला सांगायचा, काल एक विकली गेली, तिचं इंजिनसुद्धा मूळचं नव्हतं. आपली सगळी मूळची आहे. एखाद्या आजारी माणसाचा ताप बघावा तसा तो रोज भाव बघायचा, फक्त इथे चढला की खूश व्हायचा. "आपण जपली म्हणून," असं तो म्हणायचा. आपण.

आता घेणारा ठरला होता. त्यानं फोटो पाहिले होते, दादाशी बोलून झालं होतं, परवा सकाळी तो आपल्या मुलीला घेऊन येणार होता. त्याची एकच अट: तलावात उतरवून, पूर्ण वेगात, तो गळा सुटलेला एकदा ऐकायचा. आणि बाबांची एकच अट: दांडा माझ्या हातात.

घरी पोचल्यावर तिनं दादाला फोन केला. खालचं पाणी शेवटचं कधी काढलं होतं, असं विचारलं. खालचं म्हणजे, दादा म्हणाला. फळ्यांच्या खालचं. तो जरा थांबला, मग म्हणाला, "बूच आहे ना." आणि आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं नाही. तिनं रस्त्यावरच्या धारेचं सांगितलं, लाकडाचं सांगितलं. दादा हसला. अगं, बोट आहे ती, कपाट नव्हे, पाणी लागायचंच. मग आवाज खाली आणून म्हणाला की बाबा रोज पॉलिश मारतायत, दाढीसुद्धा वेळेवर करतायत, तेव्हा आता तू कृपा करून नाट लावू नकोस. फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात गेली आणि ओट्याखालच्या लाकडी दाराला बोटाच्या पेरानं ठोकू लागली. वर टणक. खाली, जिथे नळ गळतो तिथे, बसका. वर टणक, खाली बसका. नवरा आत आला आणि कुणी आलंय का म्हणून विचारू लागला.

तिचं कामच ऐकण्याचं होतं. म्हणजे दुसऱ्यांना किती ऐकू येतं ते बघण्याचं. कानाच्या दवाखान्यात एक लहानशी खोली होती, भिंतींना जाड फोमचे चौकोन लावलेली, दार लावलं की आपल्याच रक्ताची गुणगुण ऐकू येईल इतकी बंद. माणसाला आत बसवायचं, कानांवर हेडफोन द्यायचे, हातात बटण, आणि काचेच्या अलीकडून एकेक स्वर सोडायचा. ऐकू आला की बटण दाबायचं. दुसऱ्या दिवशी ती हेच करत होती आणि काचेपलीकडच्या प्रत्येक चेहऱ्यात तिला बाबा दिसत होते. तिथे बसलेल्या माणसाचा चेहरा वेगळाच होतो. डोळे उघडे पण कुठेच न बघणारे, ओठ जरा विलग, सगळं अंग पुढे झुकलेलं, आणि स्वर तर येऊन गेलेला असतो. तो अजून वाट बघत असतो. बाबांचे कान इंजिनानं नेले. आधी उंच स्वर, मग बाकीचे. तिनं त्यांना एकदा जबरदस्तीनं त्या खोलीत बसवलं होतं, तेव्हा त्यांनी भराभर बटण दाबलं होतं, इतकं नेमकं की तिला संशय आला. स्वर किती अंतरानं येतात ते त्यांनी पहिल्या काहींवरून ओळखलं होतं आणि छापखान्याच्या यंत्रासारखं त्या तालावर ते दाबत होते. तिनं स्वर सोडणं थांबवलं. आत पूर्ण शांतता होती, आणि बाबा दाबत राहिले, मान डोलवत, काचेतून तिच्याकडे बघून हसत. बाहेर आल्यावर म्हणाले, बघ, काही झालेलं नाही. तिनंही तेव्हा बरं म्हटलं होतं. कानाचं यंत्र त्यांनी घेतलं नाही. लोक काय म्हणतात ते कळलं नाही की ते आता मान डोलावतात आणि "हो, हो, अगदी बरोबर" म्हणतात, आणि जगाचं त्यावर भागतं. संध्याकाळी सगळे गेल्यावर ती त्या खोलीत स्वतःच जाऊन बसली. दार लावलं. त्या जाड शांततेत तिला पाणी ऐकू आलं. हलत नसलेलं, कुठेही जात नसलेलं पाणी. घेणाऱ्याची मुलगी केवढी असेल, असं तिच्या मनात आलं. मागच्या सीटवर, इंजिनाला लागून, वारा सगळ्यात जास्त लागतो. मुलं तीच जागा मागतात.

सकाळी ती पहिल्या बसनं तलावावर गेली. दादा घेणाऱ्याला आणायला वळणापर्यंत गेला होता. बाबांच्या खोलीतून साबणाचा वास येत होता, म्हणजे दाढी चालली होती. ती सरळ शेडमध्ये शिरली. ताडपत्री काढलेली होती आणि पत्र्याच्या भोकांतून आलेल्या उन्हात चपला अशी चमकत होती की क्षणभर तिला आपणच मूर्ख आहोत असं वाटलं. इतकी देखणी गोष्ट आतून वाईट असेल तर बाहेर काही तरी दिसायला नको? तिनं नाकापासून सुरुवात केली. पेरानं टकटक करत, कान जवळ नेऊन. खणखणीत. मध्ये खणखणीत. बाकाच्या पुढे येताना आवाज जरासा जाड झाला, मग आणखी जाड, आणि मागच्या फळीवर तो आवाज राहिलाच नाही. उशीवर मारावं तसा धप्प, आणि संपायला हवा त्याच्या आधीच संपलेला. तिनं खाली वाकून बुचाला बोट लावलं. तोंडातून आपोआप "आहे" आलं, आणि तिनं भिंतीवरचा पाना काढला.

पान्याला जोर लावावा लागेल असं वाटलं होतं. लागला नाही. पितळ नुसतं हातात आलं, आणि आट्यांना चिकटून, चोथ्यासारखं, काळं लाकूड आलं. मग पाणी. चहाच्या रंगाचं, पण थंडगार. त्याला एक गोडसर, बंद पेटीसारखा वास होता, आणि ते संपेना. तिनं बादली धरली, ती भरली, ती बाजूला करून तशीच उभी राहिली. पाणी फरशीवरून वाट काढत दाराकडे गेलं, उन्हात शिरलं, आणि तिथे दोन पायांना अडलं.

बाबा दारात उभे होते. धुतलेला पांढरा शर्ट, गालावर एका जागी साबण राहिलेला. त्यांनी पाण्याकडे पाहिलं, मग तिच्या मुठीकडे.

"काल धुतली ना," ते म्हणाले. "तेच आहे."

कालचं नाही, असं ती ओरडून म्हणाली. त्यांनी कानाला हात लावला आणि सोडून दिला. मग तिनं त्यांचा हात धरून त्यांना बोटीच्या मागे आणलं, दोन्ही तळवे मागच्या फळीवर टेकवले, आणि कानाशी तोंड नेऊन सांगितलं की मी आतून ठोकते, हाताला लागलं की सांगा. चांगल्या लाकडातून ठोका तळव्यापर्यंत येतो. त्याला कान लागत नाहीत. बाबांनी मान हलवली. ती बोटीत चढली, पलीकडून फळीसमोर गुडघ्यांवर बसली आणि मुठीनं जोरात ठोका दिला. वर पाहिलं. बाबांचा चेहरा तिच्या चेहऱ्यापासून हातभर अंतरावर होता: डोळे उघडे पण कुठेच न बघणारे, ओठ जरा विलग, वाट बघणारे. तिनं पुन्हा ठोकलं. पुन्हा. पेरांची साल निघाली. बाबा वाट बघत होते. तिनं हात हवेत थांबवला आणि तसाच ठेवला. बाहेर कुठे तरी पक्षी ओरडत होता, खाली बारीक धार चालू होती, बाकी काही नाही.

"हां," बाबा म्हणाले. "आलं. टणक आहे एकदम."

तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला. दादा पुढे, त्याच्या मागे घेणारा, आणि घेणाऱ्याचं बोट धरून त्याची मुलगी, अंगातलं नारिंगी, पाण्यात तरंगवणारं जाकीट न काढता तशीच उतरलेली. गाडीत बसल्यापासून काढू देत नाहीये, तो कौतुकानं म्हणाला. मग त्याला चपला दिसली आणि तो बोलायचा थांबला. हलकेच पुढे येऊन त्यानं पांढऱ्या पट्ट्यावरून हात फिरवला. लहानपणी मामाकडे सुट्टीत आलो की काठावर बसून अशीच एक बोट बघायचो, तो म्हणाला, हीच असेल. चालवणारा कधी आमच्याकडे बघायचा नाही. दादा हसला. मुलीनं विचारलं, आपण कुठे बसायचं? बाबांना ऐकू आलं नसणार, पण मुलं काय विचारतात ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी मागच्या सीटवर, इंजिनाला लागून असलेल्या आईच्या जागेवर, दोनदा थोपटलं. दादाच्या पायाला पाणी लागलं. त्यानं खाली पाहिलं, धारेकडे पाहिलं, मग बहिणीकडे. त्याच्या डोळ्यांत विनवणी होती, आणि तोंडातून निघालं ते वर्षानुवर्षांच्या सवयीचं.

"बूच?"

बाबांनी तिच्यापुढे तळवा पसरला. पितळ तिच्या मुठीत गरम झालं होतं. एक शब्द म्हणायचा होता, रोजचा, आणि सगळं पुन्हा जागच्या जागी बसणार होतं: दादाची मान ताठ, बाबांचा शर्ट वाऱ्यात, मुलीचे केस मागे उडालेले.

"नाही," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. दवाखान्यात नातेवाइकांना बाजूला घेऊन बोलते त्याच आवाजात बोलली. "ही पाण्यात जाणार नाही. मागची फळी आतून कुजलीये. वेगात इंजिनासकट निघून येईल. आम्ही बूच कधी काढलंच नाही, बाबा धूत राहिले, आणि आम्ही सगळ्यांनी मिळून ती कुजवली."

घेणाऱ्याचा हात पट्ट्यावरून निघाला आणि मुलीच्या खांद्यावर गेला. दादा भिंतीकडे बघू लागला. बाबा तिच्या ओठांकडे बघत होते. ओठ थांबले तसे ते सरळ झाले, घेणाऱ्याकडे वळले, आणि त्यांच्या चेहऱ्यावर तो जुना, कुणाकडे न बघण्यातला आनंद पसरला.

"हो, हो," ते म्हणाले. "अगदी बरोबर सांगतेय ती." आणि पुढे केलेला तळवा त्यांनी तसाच धरून ठेवला.